जुने पार्टिशन काढताना

काळानुसार वाढत जाणारे मोठे टेबल महिनावार तुकड्यांत विभागण्याचा, म्हणजेच त्याची पार्टिशन्स करण्याचा, खरा लाभ जुनी माहिती काढून टाकताना कळतो. पोस्टग्रेसमध्ये डिलीट आज्ञेने पुसलेल्या ओळी फाइलमध्ये मृत अवस्थेत पडून राहतात आणि व्हॅक्यूम या साफसफाईनंतर त्यांची जागा नव्या ओळींना मिळत असली तरी डिस्कवरील फाइल सहसा लहान होत नाही. उलट अख्खे पार्टिशन ड्रॉप केले की त्याची फाइलच जाते आणि काम क्षणात उरकते.

मात्र त्या क्षणाआधी किती थांबावे लागेल याचा विचार न करणे हमखास अंगाशी येते. ड्रॉपसाठी मूळ टेबलावर सर्वांत कडक लॉक, म्हणजे इतरांना वाचूही न देणारा ताबा, मिळवावा लागतो. त्या टेबलावर तासभर चालणारा अहवाल सुरू असेल, तर ड्रॉपची आज्ञा त्याच्यामागे थांबते आणि एरवी अहवालाबरोबर विनासायास चालल्या असत्या अशा साध्या सिलेक्ट क्वेरीही तिच्यामागे रांगेत अडकतात. पाहता पाहता सगळी कनेक्शन्स भरतात आणि प्रोसेसर रिकामा असूनही सर्व्हर बंद पडल्यासारखा भासतो. म्हणून अशी आज्ञा देण्यापूर्वी लॉक टाइमआउट, म्हणजे ताब्यासाठी थांबण्याची कमाल मुदत, दोन-तीन सेकंदांवर आणावी आणि आज्ञा फसल्यास थोड्या वेळाने पुन्हा द्यावी.

त्याहून सुरक्षित वाट म्हणजे पार्टिशन आधी डिटॅच करणे, म्हणजे मूळ टेबलापासून सुटे करणे. २०२१ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून हे 'कन्करंटली' या पर्यायासह, इतरांचे वाचन-लेखन न अडवता करता येते. ते मध्येच तुटले तर 'फायनलाइझ' देऊन पुरे करावे लागते. सुटे झालेले पार्टिशन स्वतंत्र टेबल म्हणून शाबूत राहत असल्याने त्यातील तारखा तपासता येतात, बॅकअप घेता येतो आणि चुकीचा महिना निघाला असल्यास तो परत जोडताही येतो; ड्रॉपनंतर यातले काहीच उरत नाही.

मूळ टेबलाला डीफॉल्ट पार्टिशन, म्हणजे कुठल्याच मर्यादेत न बसणाऱ्या ओळींचे पार्टिशन, असेल तर मात्र कन्करंटली चालत नाही. म्हणून पुढील काही महिन्यांची पार्टिशन्स आधीच तयार ठेवून डीफॉल्ट टाळणे श्रेयस्कर. एखादे राहून गेल्यास इन्सर्ट आज्ञा त्रुटी देते, आणि ती लगेच कोणाच्या तरी नजरेस पडते.