शोक आणि सूड

३० जानेवारी १९४८ चा तो दिवस. दिल्लीच्या बिर्ला भवनात महात्मा गांधी सायंप्रार्थनेस निघाले असता नथुराम गोडसे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. महात्माजींचे प्राणोत्क्रमण झाले. सारा देश शोकसागरात बुडाला.

महाराष्ट्रात मात्र या शोकाला लवकरच संतापाचे रूप आले. मारेकरी ब्राह्मण होता, एवढ्याच कारणाने अनेक गावी ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. त्या दुष्कृत्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्यांचे संसार उघड्यावर पडले. ज्याने जन्मभर अहिंसा शिकविली, त्याच्याच नावाने हिंसा झाली! साने गुरुजींनी मात्र दुसरा मार्ग धरला. आत्मशुद्धीसाठी त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले.

हा घाव सर्वांत जिव्हारी लागला तो महात्माजींच्या मुलांना. त्यांपैकी मणिलाल हे वऱ्हाडचे जावई होते. १९२७ साली अकोल्यास मशरूवाला कुटुंबातील सुशीलाबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांचे धाकटे बंधू रामदास नागपुरास राहत. पित्याच्या चितेला अग्नी देण्याचे कठीण कर्तव्य रामदासांनाच करावे लागले.

पुढे न्यायालयाने गोडसे व नारायण आपटे यांना देहान्ताची शिक्षा दिली. त्या वेळी या दोघा भावांनी सरकारला विनंती केली, की त्यांना फाशी देऊ नये. अपराध्याचाही जीव घेणे पित्याच्या शिकवणीत बसणारे नव्हते. सरकारने ती विनंती मान्य केली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात शिक्षा अमलात आली.

सुशीलाबाईंचे चुलते किशोरलाल मशरूवाला यांनीही आपले दुःख कार्यात ओतले. महात्माजींच्या मागे ‘हरिजन’ पत्राच्या संपादनाचा भार त्यांनी प्रकृती क्षीण असतानाही वाहिला.

ज्यांचा पिता गेला, त्यांनी मारेकऱ्यासाठी दया मागितली. आणि जमावाने निरपराध शेजाऱ्यांची घरे पेटविली. राष्ट्रावर संकट कोसळले, की संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु एकाच्या अपराधाचे माप त्याच्या साऱ्या जातीच्या पदरात टाकणे हा न्याय नव्हे. थोर पुरुषाविषयीचे आपले प्रेम त्याच्या शिकवणीप्रमाणे वागण्यानेच सिद्ध होते.

स्वाध्याय

१. मणिलाल व रामदास यांनी सरकारला कोणती विनंती केली? का?
२. ‘एकाच्या अपराधाचे माप साऱ्या जातीच्या पदरात टाकणे’ म्हणजे काय, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. वाक्यांत उपयोग करा : जिव्हारी लागणे, संसार उघड्यावर पडणे.