मुंबईची पहिली भेट : सात दिवसांच्या सहलीचे नियोजन

ग्रामीण भागातील शाळांच्या शैक्षणिक सहली मुंबईस जातात तेव्हा बहुधा स्थळांची एक लांबलचक यादी बरोबर नेली जाते. सात दिवसांत तीस स्थळे असा तिचा थाट असतो. प्रत्यक्षात मुलांच्या वाट्याला वाहनांच्या खिडक्या, रांगा आणि शिक्षकांची घाई एवढेच येते. या सहलीसाठी अनेक पालकांनी मजुरीतून पैसे बाजूला काढलेले असतात आणि त्यांतील काही मुलांना ही संधी शिक्षणाच्या काळात पुन्हा मिळत नाही. म्हणून यादी कापण्याचे धाडस शिक्षकाने गावीच दाखवावयास हवे.

मुंबईचे नियोजन नकाशावरून आणि घड्याळावरून करावे लागते. शहर दक्षिणोत्तर लांबट व अरुंद आहे. पश्चिम व मध्य या दोन लोहमार्गांच्या आधाराने ते वाढले आणि हे दोन्ही मार्ग दादरला भेटतात. सकाळी आठ ते अकरा या वेळेत गर्दीचा लोंढा दक्षिणेकडे, तर सायंकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळेत उत्तरेकडे वाहतो. मुक्काम दक्षिण मुंबईत किंवा दादर परिसरात असल्यास सकाळी उत्तरेकडे जाणारा जथा गर्दीच्या उलट दिशेने जातो. दूरच्या उपनगरातील निवास स्वस्त वाटतो खरा. परंतु रोज जाण्यायेण्यात तीन तास गेले, तर आठवड्याचे एकवीस तास गेले, हाही हिशेब मांडावयास हवा.

पहिला दिवस स्थळदर्शनासाठी नसावा. दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी मुलांना लोकल गाडीची ओळख करून द्यावी. फलाटावरील फलकावर शेवटचे स्थानक, गाडी जलद की धीमी आणि डबे किती हे कसे वाचावयाचे, महिलांचा डबा कोठे येतो, गाडी थांबण्यापूर्वी दाराशी का रेटू नये, हे सारे त्या दिवशी शिकवावे. स्थानकावर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तीस मुलांचा गट एकाच दारातून चढू शकत नाही. दहा-दहांचे गट आणि प्रत्येकी एक मोठे माणूस हवेच. चुकामूक झाल्यास मागे राहिलेल्याने त्याच फलाटावर थांबावे आणि चुकून पुढे गेलेल्याने पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच उभे राहावे, हा नियम मुलांकडून पाठ करून घ्यावा. दोघेही एकमेकांना शोधावयास निघाले की घोटाळा वाढतो. प्रत्येकाच्या खिशात निवासाचा पत्ता व शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. रेल्वेच्या मदतीसाठी १३९ आणि हरवलेल्या बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

साप्ताहिक सुट्ट्यांकडे दुर्लक्ष झाल्याने कित्येक सहलींचा एखादा दिवस फुकट जातो. घारापुरीची लेणी, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान व त्यातील कान्हेरी लेणी, तसेच वरळीचे नेहरू तारांगण सोमवारी बंद असते. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी. रविवारी दुरुस्तीसाठी लोकल गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात. तेव्हा रविवार पायी पाहावयाच्या भागासाठी राखावा. १८८८ साली पूर्ण झालेले आणि २००४ मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, समोरची महानगरपालिका, हुतात्मा चौक, वस्तुसंग्रहालय आणि गेट वे ऑफ इंडिया हा सारा भाग चालत पाहता येतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी निघाली ती याच परिसरातून.

घारापुरीस पूर्ण दिवस द्यावा. गेट वेपासून लाँचने सुमारे तासाभराचा प्रवास आहे. त्रिमूर्ती पाहून मंडळी परततात; बेटावर शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या वस्त्या आहेत, तेथे ग्रामपंचायत आहे, हे क्वचितच सांगितले जाते. मुंबईचे दिवे समोर लुकलुकत असताना या बेटाला समुद्राखालून केबल टाकून नियमित वीज मिळाली ती २०१८ मध्ये. पंचायत सदस्य बरोबर असतील तर लेण्यांइतकाच हा विषयही त्यांच्या जिव्हाळ्याचा ठरेल.

सहलीला एखादे सूत्र असावे. पाण्याचे सूत्र मुंबईत फार चांगले साधते. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यानात मुले खेळतात ते पाण्याच्या मोठ्या जलाशयावर. समोरच्या कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट मुले हटकून पाहतात. पायाखालचा जलाशय मात्र कोणी दाखवून दिल्याशिवाय कळत नाही. बोरिवलीच्या उद्यानाच्या हद्दीतच विहार व तुळशी हे जुने तलाव आहेत. शहराची तहान वाढत गेली तशी नजर दूरवर गेली : १८९२ मध्ये तानसा, पुढे वैतरणेवरील मोडकसागर व ऊर्ध्व वैतरणा, नंतर भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. तानसा व भातसा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील काही पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नळ उघडताच पाणी येते हे शहराचे वैभव, आणि त्याचा उगम कोणाच्या तरी शिवारात आहे हे त्याच्या मागचे वास्तव; दोन्ही मुलांना एकाच सहलीत समजू शकते.

मंत्रालय किंवा विधान भवन पाहावयाचे असल्यास परवानगीचा पत्रव्यवहार आधीच करावा आणि ओळखपत्रे जवळ ठेवावीत. पावसाळा टाळावा. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. दर्शनासाठीच जावयाचे नसेल तर त्या दिवसांत दादरला मुक्काम करू नये. सातापैकी एक संध्याकाळ मोकळी सोडावी, त्या वेळी समुद्रकाठी बसून मुलांनी वहीत चार ओळी लिहाव्यात.

उत्तर महाराष्ट्र अथवा मराठवाड्याकडे परतणाऱ्यांची गाडी कल्याणनंतर आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवरून कसाऱ्याकडे चढते. हाच शहापूर तालुका. तो खिडकीतून दिसावा यासाठी परतीचे आरक्षण दिवसाच्या गाडीचे करावे.