संगणकातील नोंद गेल्यास शेतातील उपकरणे काय सांगतील?

हरितगृहातील पंखे, पडदे, खताच्या टाक्या व ठिबकचे व्हॉल्व्ह एकाच तारेच्या जाळ्यावर जोडून संगणकाने चालविण्याची सोय बागायतदारांना उपलब्ध आहे. या जाळ्याची सारी मांडणी संगणकातील डेटाबेसमध्ये असते. संगणक बिघडला आणि प्रत ठेवलेली नसली, तर उपकरणांकडून माहिती वाचून डेटाबेस पुन्हा उभा करता येतो. मात्र ही सोय अर्धीच आहे.

नागोठणे परिसरातील बागायतदाराने हा विषय दूरचा मानू नये. अंबा नदीच्या खोऱ्यात जुलै १९८९ च्या पुराने जांभूळपाड्यात हाहाकार उडविला. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. पाणी, वीज आणि दमट हवा या तिन्हींपासून संगणकाला धोका असतो.

उदाहरणादाखल लॉनवर्क्स पद्धत घेऊ. ती अमेरिकेतील एशेलॉन कंपनीने विकसित केलेली असून मुख्यतः इमारतींतील यंत्रणेसाठी वापरली जाते, पण तत्त्व समजण्यास सोयीची आहे. तिच्यातील प्रत्येक उपकरणाला कारखान्यातूनच ४८ बिटांचा कायमचा क्रमांक मिळतो. त्याशिवाय जाळ्यातील आपला पत्ता, कोणाला संदेश पाठवायचा याची नोंद व स्वतःची काही मापे उपकरणाच्या स्मृतीत असतात. वीज गेली तरी ती पुसली जात नाहीत. एवढे परत मिळते.

उपकरणाला दिलेली नावे मात्र सहसा संगणकातच असतात. तलाठ्याचे दप्तर जळाले तर बांध मोजून क्षेत्र काढता येईल, पण खातेदार कोण हे बांध सांगत नाही. तसाच हा प्रकार. 'पूर्वेकडील आंबा' किंवा 'रोपवाटिका' ही नावे जाऊन त्या जागी संगणकाने दिलेली नावे येतात. आराखडा, संगणकातच ठेवलेले पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक आणि जुन्या मोजमापांच्या नोंदीही जातात. जे उपकरण त्या वेळी बंद आहे, ते नव्या नोंदीत येतच नाही. त्याच्याशी असलेली जोडणीही मग अर्धवट राहते.

यातला खरा धोका खताच्या टाक्यांपाशी आहे. समजा 'अ' टाकीत कॅल्शिअम नायट्रेट व 'ब' टाकीत मोनो अमोनिअम फॉस्फेट आहे. दोन्हींचे व्हॉल्व्ह एकाच बनावटीचे, त्यामुळे संगणकाला ते सारखेच दिसतात. नावे अंदाजाने टाकली आणि दोन्ही द्रावणे एका वेळी नळीत आली, तर कॅल्शिअम फॉस्फेटचा साका बसून ड्रिपर तुंबतात. पीक सुकू लागेपर्यंत हे लक्षात येत नाही, आणि तोवर कितीतरी लॅटरल निकामी झालेल्या असतात. दुसरे असे की, उपकरणात आधीपासून चुकीची जोडणी असेल तर वाचताना तीच खरी धरली जाते.

म्हणून घाई करू नये. प्रथम सर्व उपकरणांना वीज देऊन ती उत्तर देतात का ते पाहावे. वाचन पूर्ण होईपर्यंत तंत्रज्ञाला उपकरणांत काहीही नव्याने भरू देऊ नये. जुनी प्रत हाती असेल, भले ती वर्षापूर्वीची असो, तर शून्यापासून वाचण्यापेक्षा ती उघडून आजच्या उपकरणांशी ताडून पाहणे मी अधिक पसंत करीन. मात्र ती न तपासता उपकरणांत उतरविल्यास मधल्या काळातील सर्व दुरुस्त्या पुसल्या जातील.

वाचनानंतर शेतात फिरावे. अशा उपकरणावर सर्व्हिस पिन नावाचे बटण असते. ते दाबताच उपकरण आपला क्रमांक जाळ्यावर पाठविते. एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने संगणकावर क्रमांक पाहून नाव लिहावे. खताच्या व्हॉल्व्हची खात्री साध्या पाण्यावर, टाक्या बंद ठेवूनच करावी.

हे काम टाळायचे असेल तर प्रत्येक बदलानंतर डेटाबेसची प्रत काढून ती दुसऱ्या घरी, शक्यतो उंचावर ठेवावी. सोबत एक साधी वही असावी: उपकरणाचा क्रमांक, कोणत्या तुकड्यातील कोणता व्हॉल्व्ह, बसविल्याची तारीख. उपकरण बदलले की क्रमांकही बदलतो, तेव्हा वहीतील जुनी ओळ खोडून नवी लिहावी. पाऊस संपल्यावर ठिबक सुरू करण्यापूर्वी वही व शेत एकदा ताडून घ्यावे.