फिरत्या घराला किती टनांचा ए. सी.?

कॅरव्हॅनचे, म्हणजे गाडीवरच्या राहत्या घराचे काम घेणाऱ्या आमच्या बॉडी बांधणाऱ्या बांधवांनी खोलीचा हिशेब गाडीला लावू नये. खोलीला विटांच्या भिंती; गाडीला पातळ पत्रा, मोठ्या काचा आणि चारी बाजूंनी ऊन. थंडावा कमी पडला की गिऱ्हाईक पहिल्याच उन्हाळ्यात गाडी परत आणते आणि राहिलेले पैसे अडकतात.

दीड टन म्हणजे ताशी १८,००० बी. टी. यू. खरे, पण ही क्षमता साधारणपणे बाहेर ३५ अंश धरून मोजतात. चंद्रपूरला मे महिन्यात पारा कित्येकदा ४५ च्या वर जातो. तेव्हा तेच यंत्र थंडावा कमी देते, वीज मात्र जास्त खाते. आखातात राहून आलेले मेकॅनिक टी-३ वर्ग ओळखतात. त्याची चाचणी ४६ अंशांवर होते. विदर्भात फिरणाऱ्या गाडीला आम्ही तोच सुचवू.

टन वाढवण्याआधी विजेचे पाहा. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर जोडणीवर ३,६८० वॅट मिळतात, ए. सी., गिझर आणि इंडक्शन शेगडी त्यावर एकदम चालणार नाहीत. म्हणून आधी छतात व बाजूंना पफ भरा, छप्पर पांढरे रंगवा, काचांना जाड पडदे द्या. मग यंत्र ठरवा. ते छतावर बसवायचे असेल तर खाली आडव्या पट्ट्या वेल्ड करा. नुसता पत्रा खड्ड्यांत फाटतो.