सत् म्हणजे काय?

गीतेच्या १७व्या अध्यायात (श्लोक २६) भगवंत सांगतात की, 'असणे' आणि 'चांगले असणे' या दोन्हींना 'सत्' हा एकच शब्द लागतो. तेव्हा चांगुलपणा हेच जीवाचे खरे असणे. दुष्टपणा हा वरून चढलेला वाकडेपणा होय. म्हणूनच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी करताना माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचे वाकडेपण जावे एवढेच मागितले.

आता हे घरी कसे लावायचे? भावाने बांध कोरला, तर खुशाल मोजणी करून घ्यावी, आपला हक्क सोडू नये. पण त्याच्या दारी मयत झाले, तर खांद्याला आधी आपण जावे. बांध कोरणे वाकडे. भाऊ सत् च आहे. हा विवेक फार कठीण, पण पसायदान रोज म्हणणाऱ्याला तो टाळता यायचा नाही.