आधी घडी, मग नियम

चि. मुग्धास,


पाचवीची मुलं सममूल्य अपूर्णांकांशी अडतात, असं तू लिहिलंस. 'अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने गुणा' हे ती घडाघडा म्हणतात, पण १/२ मोठा की २/४ असं विचारलं की २/४ वर बोट ठेवतात. त्यांना आकडे दिसतात, भाग दिसत नाही. म्हणून तो नियम इतक्यात फळ्यावर लिहूच नकोस.

आयताकृती कागद घे, सर्वांना एकाच मापाचे. माप वेगळं असेल तर एकाचा अर्धा दुसऱ्याच्या अर्ध्याशी जुळणार नाही. वर्तुळं मात्र सुरुवातीला नकोतच. त्यांचा अर्धा, पाव सहज होतो, पण तीन किंवा पाच सारखे भाग करताना मुलं रडकुंडीला येतात.

कागदाचे उभे तीन सारखे भाग करून दोन रंगवायला सांग. हे २/३. आता त्याच कागदाला मधोमध आडवी घडी. उलगडला की सहा घरं, त्यांतली चार रंगीत. इथे अजिबात घाई करू नकोस. 'रंग वाढला का गं?' एवढंच विचार आणि थांब. कुणीतरी म्हणेलच, 'रंग तेवढाच आहे, घरं दुप्पट झाली.' रंगीतही दुप्पट, एकूणही दुप्पट. गुणाकार दोन्हीकडे का, ते मुलांच्याच तोंडून आलं. मग आडव्या दोन घड्या घालून ६/९ करून बघू दे.

काही जण दोन्हीकडे एकेक मिळवून १/२ चे २/३ करतील. खोडून टाकू नकोस. दोन्हींच्या रंगवलेल्या पट्ट्या एकाखाली एक ठेवायला सांग. रंगाच्या कडा जुळत नाहीत, हे त्यांचं त्यांना कळेल. चिंचोक्यांचे गट आणि संख्यारेषा त्यानंतर.

शेवटी घरच्या आजी-आजोबांना चार आण्यांबद्दल विचारून यायला सांग. पूर्वी रुपयाचे आणे १६ होते, म्हणून चार आणे म्हणजे ४/१६. १९५७ पासून रुपयाचे पैसे १०० झाले आणि चार आण्यांचे २५ पैसे, म्हणजे २५/१००. एखादं चुणचुणीत मूल हटकेल, '४ ला कितीने गुणलं की २५?' पूर्ण संख्या सापडत नाही. तेव्हा दोन्ही अपूर्णांकांना वेगवेगळा भाग देऊन १/४ पर्यंत आणायला लाव. त्या दिवशी पुढचा धडा घेतला नाहीस तरी चालेल.

तुझी,
मावशी