मोटारीच्या पाठीमागील ‘ठक्’ आवाजाची परीक्षा

बैलगाडीचा आंख कोरडा पडला तर तिचा धनी तें दुरूनच ओळखतो; त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु तोच गृहस्थ जीप किंवा पिकअप गाडी बाळगूं लागला म्हणजे तळाकडून येणाऱ्या आवाजाकडे ‘हें मिस्त्रीचें काम’ असें म्हणून कानाडोळा करतो, असा आमचा वारंवारचा अनुभव आहे. करवीर, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या तालुक्यांत शेतकऱ्याचा गूळ, दूध, खत आणि पुष्कळदां घरचीं माणसेंहि आज अशाच गाड्यांतून जातात-येतात. म्हणून गाडी हलतांना येणारा ‘ठक्’ असा ठोका कोठून उठतो, तो घरच्या घरीं कसा ओळखावा, व कोणत्या वेळीं गाडी जागीं उभी करावी, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रचना

इंजिनाची शक्ति क्लच व गिअरपेटी यांतून एका लांब पोकळ दांड्यास मिळते. यास शाफ्ट म्हणतात. हा दांडा मागील आंखाच्या मध्यावरील डिफरन्शियलास फिरवितो व तेथून ती शक्ति दोन्ही चाकांस वांटली जाते. गिअरपेटी सांगाड्यास घट्ट बांधलेली असते. मागील आंख मात्र पाट्यांवर वरखालीं होतो. तेव्हां दांडा फिरतां फिरतां लवलाहि पाहिजे. याकरितां त्याच्या दोन्ही टोकांस सांधा असतो. दोन कांटे समोरासमोर, व त्यांच्यामध्यें अधिक-चिन्हाच्या आकाराचा पोलादी क्रॉस, अशी त्याची घडण आहे. क्रॉसच्या चारी टोकांवर वाट्या असून त्यांत सुईसारख्या बारीक सळ्या फिरतात. १६ व्या शतकांतील इटलीचा कार्दानो व १७ व्या शतकांतील इंग्लंडचा हूक यांचीं नांवें या सांध्यास जोडलीं जातात.

या सांध्याचा एक गुण ध्यानांत ठेवावा. तो वांकून फिरत असतां पुढील दांड्याची गति सारखी असली तरी पलीकडील दांडा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद होतो. दुसरा सांधा हीच चूक उलट करून फेडतो. पण शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे कांटे एकाच पातळींत असतील तरच. दुरुस्तींत हें चुकलें तर नवा क्रॉस घालूनहि गाडी थरथरते.

आवाजाची पारख

ठोका केव्हां येतो, हें प्रथम नीट ऐकावें. निम्मी परीक्षा त्यांतच होते.

१. गाडी सुटतांना, अगर पुढून मागें गिअर टाकतांना एकच ‘ठक्’ येत असेल, तर शक्तीच्या वाटेवर कोठें तरी ढिलाई आहे. क्रॉस हा त्यांतला पहिला संशयित होय.

२. हळू चालतांना ‘किच् किच्’ असा आवाज येऊन तो वेगाबरोबर भरभर होत असेल, तर क्रॉस कोरडा पडला आहे. पुढें होणाऱ्या ठोक्याची ही पूर्वसूचना समजावी.

३. गाडी थांबल्यावर क्षणभरानें ठोका येत असेल, तर शाफ्टाच्या सरकत्या जोडांत ग्रीस उरलेलें नाहीं.

४. सुटतांना आणि ब्रेक दाबतांनाहि ठोका येत असेल, तर पाट्यांचे यू-बोल्ट अगर पाट्यांच्या बुशी पाहाव्या.

५. जोर देतांना अगर जोर सोडतांना सतत घुरघुर येत असेल, तर डिफरन्शियलाकडे वळावें.

६. पुढील चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या लहान मोटारींस असा लांब दांडा नसतो. त्यांत वळतांना ‘टक् टक्’ आलें तर पुढील चाकाजवळचा सांधा झिजला असें समजावें.

क्लच एकदम सोडण्याच्या संवयीनें चांगल्या गाडीसहि धक्का बसतो. दांत्यांमध्यें थोडी मोकळीक मुळांतच ठेवलेली असते. म्हणून हळुवार चालविणाऱ्या माणसाच्या हातीं गाडी देऊन एकदां ऐकावें, व मगच दोष ठरवावा.

तपासणीची रीत

गाडी सपाट व टणक जागेवर उभी करावी. इंजिन बंद करून किल्ली आपल्या खिशांत घालावी. चारी चाकांस पुढून व मागून दगड लावावे, आणि नंतरच गिअर न्यूट्रल करावा. जुन्या विलीज धर्तीच्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीमागें शाफ्टाच्या मुळाशीं असतो. तो सोडल्यावांचून शाफ्ट हातानें हलणार नाहीं. तेव्हां अशा वेळीं सारा भरंवसा दगडांवरच असतो. ते कधींहि विसरूं नयेत.

मग खालीं शिरून शाफ्ट दोन्ही हातांनीं धरावा व डावी-उजवीकडे पिळावा. क्रॉसच्या एका बाजूचा कांटा हलला व दुसऱ्या बाजूचा स्थिर राहिला, तर क्रॉस गेला. शाफ्ट वरखालीं उचलून पाहावा. वाटींत टोक हललेलें दिसतां कामा नये. वाटीच्या कडेस तांबडा भुगा दिसला तर आंत गंज धरला आहे, याबद्दल शंका नको. दोन्ही सांधे घट्ट असून सबंध शाफ्ट पुष्कळ अंतर फिरला व चाकें मात्र जागचीं हललीं नाहींत, तर ढिलाई डिफरन्शियलांत अगर आंखाच्या खांचांत आहे. खडूनें खूण करून हें अंतर दर सहा महिन्यांनीं पाहात गेल्यास झीज वाढते कीं नाहीं तें कळतें. शेवटीं यू-बोल्टांवर पाना लावावा. पाटा व आंख यांच्यामध्यें घासून चकाकलेली जागा दिसली तर तेथें हालचाल आहे.

गेल्या ऊसहंगामांत आमच्या परिचयांतील एका शेतकऱ्याच्या जीपची गिअरपेटी एका गॅरेजांत उतरविली गेली. दहा दिवस गाडी पडून राहिली, गूळ भाड्याच्या गाडीनें न्यावा लागला, आणि ठोका होता तसाच राहिला. आम्हीं वरील रीतीनें शाफ्ट पिळून पाहिला, तों मागचा क्रॉस हातांत खुळखुळला. पाव तासाची परीक्षा आधीं झाली असती तर हा सर्व खर्च वांचला असता.

धोका

पैशाची हानि भरून निघते. परंतु हयगय केल्यानें जिवावरहि बेततें. क्रॉस तुटून शाफ्टाचें पुढील टोक खालीं पडलें तर तें रस्त्यांत रुतून धांवती गाडी उलटूं शकते. मागील टोक सुटलें तरी इंजिन व मागील चाकें यांचा संबंध संपतो. करूळ, फोंडा अगर आंबा घाट उतरतांना लहान गिअरनें जो आवर मिळतो तो त्याच क्षणीं जातो. वर सांगितलेल्या जुन्या जीपांत हँडब्रेकहि शाफ्टामार्फतच चाकांस धरीत असल्यानें तोहि निकामी होतो. अशाच जीपचें एक मागील चाक जॅकनें उचललें, तर डिफरन्शियलामुळें उचललेलें चाक उलट फिरून गाडी घरंगळूं शकते. हँडब्रेक व गिअर दोन्ही लावलेले असले तरीहि! म्हणून दगड लावल्यावांचून जॅक लावूं नये.

उपाय

क्रॉसमध्यें ढिलाई दिसली तर तो वाट्यांसह नवा घालावा. शाफ्ट उतरविण्यापूर्वीं दोन्ही बाजूंस खूण करावी, म्हणजे कांटे पूर्वींच्याच पातळींत बसतील. वाट्या धरणारीं कडीं खांचेंत पूर्ण बसलीं कीं नाहीं तें स्वतः पाहावें. कोल्हापुरांत शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणीं कसबी कारागीर आहेत. परंतु दोष कोठें आहे हें सांगून काम देणारा गिऱ्हाईक व ‘आवाज काढा’ एवढेंच म्हणणारा गिऱ्हाईक, यांच्या बिलांत अंतर पडतेंच.

ग्रीसचें निपल असल्यास चारी वाट्यांच्या कडांतून नवें ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारावा. ओढ्यांतून अगर चिखलांतून गाडी गेल्यावर हें अवश्य करावें, कारण पाणी ग्रीस धुऊन नेतें. निपल नसलेल्या क्रॉसास ग्रीस देतां येत नाहीं. ते केवळ वेळोवेळीं हलवून पाहावे व ढिले होतांच बदलावे.

गुऱ्हाळ सुरूं होण्यापूर्वीं आपण चरक्याचे दांते व काहिलीचें बूड पाहून घेतों. त्याच दिवशीं गाडीखालीं शिरून शाफ्टहि एकदां पिळून पाहावा, एवढीच आमची वाचकबंधूंस विनंती आहे.